‘चित्रकस्तुरी’तल्या त्रेचाळीस जणी

परतूरच्या वाचनालयात मीनाताई एकतीस वर्षं कामाला होत्या. लागल्या तेव्हा शिपाई, निवृत्त झाल्या तेव्हाही कागदोपत्री शिपाईच. पण कुठलं पुस्तक कुठल्या कपाटात आहे हे ग्रंथपालसुद्धा त्यांनाच विचारायचे. मी इथल्या शाळेत मराठी शिकवायला आले सत्त्याण्णव साली, तेव्हापासून आमचं जमलं. उंच, सडपातळ बाई. बोलणं मोजकं. एवढ्या वर्षांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता, त्यामुळं त्या शांत स्वभावाच्या आहेत असं मी धरून चालले होते.

दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये माझ्या फोनवर एक निरोप फिरत फिरत आला. जालन्याच्या नेहल नावाच्या मुलीनं तो लिहिला होता. तिचे आजोबा राधेश्यामजी यांनी १९७४ साली जालन्यातून ‘चित्रकस्तुरी’ हे सिनेमाचं मासिक सुरू केलं होतं. त्याला पन्नास वर्षं होत होती, म्हणून घरच्यांनी त्याचा इतिहास छापायचं ठरवलं होतं. पण घरातले सगळे अंक वाळवीनं खाल्ले. कुणाकडे जुने अंक असतील तर कृपया कळवावं.

मी तो निरोप सहज मीनाताईंना पुढं पाठवला. वाचनालयात एखादा अंक असेल, एवढंच डोक्यात होतं. पंधरा मिनिटांत त्या माझ्या दारात उभ्या होत्या. न बोलावता त्या पहिल्यांदाच माझ्या घरी आल्या होत्या.

“संध्याताई, ही पोरगी कोण हाय? तुमच्या वळखीची का?”

“नाही हो. का?”

“माझ्याकडं हायेत अंक. दोनशे अठ्ठावन्न निघाले. त्यातले दोनशे एक्कावन्न हायेत.”

मी बघतच राहिले. या बाईंच्या तोंडून मी कधी एका सिनेमाचं नाव ऐकलं नव्हतं. मी विचारलं, “तुम्हाला एवढा शौक होता सिनेमाचा?”

“होता,” त्या म्हणाल्या. “सतरा वर्षांची होईपर्यंत.”

मग त्यांनी पदर खोचला, खुर्ची ओढून घेतली आणि सगळं सांगितलं.

मीनाताई कुंभार पिंपळगावच्या. वडील रामराव मोठे शेतकरी, गावात मान असलेले. जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा तेव्हा रामराव लेकीला स्वतः घेऊन जायचे, पुढं बसवायचे. पोरगी हुशार. सिनेमा बघताना तिला भलत्याच गोष्टी दिसायच्या. नायक नदीत पडतो आणि काठावर येतो तेव्हा त्याचे बूट कोरडे. विधवा आईच्या हातात एका प्रसंगात बांगड्या आहेत, पुढच्यात नाहीत, पुन्हा आहेत. ती हे सगळं वहीत लिहून ठेवायची. ‘चित्रकस्तुरी’ तेव्हा नवीनच होतं. दोन रंगांचं मुखपृष्ठ, मध्ये भिंतीवर लावायला नटाचा मोठा फोटो आणि शेवटी ‘तुमचा सवाल, आमचा टोला’ हे सदर. वाचकांनी प्रश्न पाठवायचे, संपादक राधेश्याम त्यांना चुरचुरीत उत्तरं द्यायचे. जालना, बीड, परभणीत लोक अंक आधी मागून उघडायचे ते या सदरासाठी. गावात न्हाव्याच्या दुकानात एक अंक यायचा आणि महिनाभर हातोहात फिरायचा.

सत्त्याहत्तर साली मीना पहिल्या वर्गात मॅट्रिक झाली होती. अठ्ठ्याहत्तरच्या जूनपासून तिनं जालन्याला मावशीकडं राहून डी.एड. करायचं हे रामरावांनी कबूल केलं होतं. त्या आनंदात तिनं राधेश्यामला पत्र लिहिलं. चार पानं सिनेमातल्या चुकांची आणि शेवटी पाच ओळी स्वतःच्या. मी जूनमध्ये जालन्याला येते आहे, मला लिहायचं काम शिकायचं आहे, रविवारी तुमच्या ऑफिसात आले तर चालेल का. हे पत्र छापू नये, उत्तर सोबतच्या पत्त्यावर द्यावं.

मे महिन्याच्या अंकात ते असं छापून आलं. मीनाताईंनी मला अंक न उघडता, तोंडपाठ म्हणून दाखवलं.

“कुमारी मीना रामराव कंटुले, मुक्काम कुंभार पिंपळगाव. सवाल: मी रविवारी तुमच्या ऑफिसात येऊ का? टोला: अवश्य या! रविवारी ऑफिस बंद असतं, आम्ही एकटेच असतो. बाबांना मात्र सांगू नका!”

बाबांना सांगायची गरजच पडली नाही. बाजाराच्या दिवशी रामराव दाढी करायला बसले होते तेव्हा कुणीतरी ते मोठ्यानं वाचलं. रामराव अर्धी दाढी तशीच ठेवून घरी आले. मारलं नाही. तिची वह्यांची पेटी उचलली आणि जाळायला चुलीजवळ नेऊन ठेवली. आईनं मागच्या दारी जाऊन तोंडात पदर कोंबला. एकोणिसाव्या दिवशी मीनाचं लग्न लागलं. नवरा कल्याण, परतूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, मापाडी, तिच्याहून अकरा वर्षांनी मोठा. घाईत मिळालेलं स्थळ. कल्याणलाही ते छापलेलं कुणीतरी सांगितलेलं होतं.

“लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं,” मीनाताई म्हणाल्या, “‘किती रविवार गेल्ती?’ मंग मरेपर्यंत दर रविवारी विचारलं. कधी हसून, कधी कसं. दोन हजार नऊला वारले. तवर मी रविवारी उंबऱ्याबाहेर पाय न्हाई टाकला.”

लग्नानंतर दोन महिन्यांनी शेजारणीच्या घरी तिला ‘चित्रकस्तुरी’चा नवा अंक दिसला. त्यात ‘पडद्यावरच्या घोडचुका’ नावाचा लेख होता. कोरडे बूट होते, बांगड्या होत्या, चारही पानं शब्दाला शब्द होती. खाली लेखकाचं नाव राधेश्याम. तो लेख एवढा गाजला की पुढं त्याची मालिका झाली. त्या दिवशी मीनानं तो अंक पोलक्यात लपवून घरी नेला. तो पहिला.

पुढचे तिनं रद्दीतून मिळवले, न्हाव्यांकडून, स्टेशनवरच्या पुस्तकवाल्याकडून. वाचनालयात लागल्यावर वाचनालयालाच ते मासिक घ्यायला लावलं. शहाण्णव साली ‘चित्रकस्तुरी’ बंद पडलं तेव्हा तिच्याकडं जवळजवळ सगळा संच झाला होता. तो तिनं मिरच्यांच्या पोत्यांमागं, कडुनिंबाचा पाला घालून ठेवला. शिवाय चार वह्या. कुठला लेख कुठल्या हिंदी मासिकातून उचलला, कुठली मुलाखत झालीच नव्हती, हे सगळं तारखेनिशी. चौथ्या वहीत फक्त पोरींची नावं होती. त्या सदरात नाव-गाव छापून जिची अब्रू काढली, अशी प्रत्येक पोरगी. मीना धरून त्रेचाळीस.

“एकदा गेल्ते मी त्याच्या दारात,” त्या म्हणाल्या. “चौऱ्याण्णवला. दवाखान्याच्या नावाखाली जालन्याला गेल्ते. जिना चढले. वरून हसायचा आवाज येऊन राह्यला होता. पत्रं वाचून दाखवत होता कुणाला तरी, पोरीच्या आवाजात. मी जिन्यातूनच माघारी आले. मंग ठरवलं, एकटीनं जायचं न्हाई.”

मी विचारलं, “आता काय करणार?”

“बोलवा त्या पोरीला.”

नेहल पुढच्याच आठवड्यात गाडी घेऊन आली. तिशीची, पुण्यात नोकरी करणारी, हसतमुख मुलगी. अंकांचे गठ्ठे बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “मावशी, दादाजींना हे बघून किती आनंद होईल! ते ब्याऐंशी वर्षांचे आहेत, नजर गेलीय, पण रोज त्या दिवसांबद्दल बोलतात.”

“घेऊन जा,” मीनाताई म्हणाल्या. “एक अट हाय. कार्यक्रमात जुन्या वाचक बायकांचा मान ठेवायचा. पुढच्या रांगेत खुर्च्या. आन् दोन-दोन मिनिटं बोलू द्यायचं.”

“अहो, अट कसली! मलाच सुचायला हवं होतं.” नेहलनं लगेच वहीत लिहून घेतलं: वाचक भगिनींचे मनोगत. कार्यक्रम नोव्हेंबरातल्या एका रविवारी आहे असं तिनं सांगितलं तेव्हा मीनाताई हसल्या. ते हसणं मला आवडलं नाही. पण मी गप्प बसले, हेही सांगून टाकते.

गठ्ठे गेले, चार वह्या आणि त्या सदराच्या पानांच्या झेरॉक्स घरीच राहिल्या. मग मीनाताई कामाला लागल्या. एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालेलं होतं. सकाळी भाकरी बांधून त्या निघायच्या ते दिवस मावळताना परत यायच्या. गावात जाऊन विचारायचं, अमक्याची लेक कुठं दिली. तिथं जायचं. पुन्हा विचारायचं. दोन वेळा मीही सोबत गेले. काही बायकांनी दार लावून घेतलं. एकीनं आमच्यासमोर सुनेला सांगितलं की या कुणी ओळखीच्या नाहीत. एक जण मात्र मीनाताईंनी वहीतलं पान काढताच म्हणाली, “मला वाटून राह्यलं होतं मी एकलीच हाय.” अडीच महिन्यांत सोळा जणींचा पत्ता लागला. त्यातल्या चार वारल्या होत्या. यायला तयार झाल्या त्या मीनाताई आणि वारलेल्या एकीची बहीण धरून अकरा.

जालन्याचा तो हॉल चांगला भरला होता. व्यापारी मंडळी, जुने छापखानेवाले, सिनेमागृहांचे मालक, घरचे लोक. जालन्यात राधेश्यामजींबद्दल वाईट बोलणारं कुणी नव्हतं. कितीतरी जणांच्या पत्रिका त्यांनी फुकट छापून दिल्या होत्या. गोरेपान, कानात यंत्र, डोक्याला गुलाबी साफा, मांडीवर शाल. माणसं पाया पडत होती. त्यांची बोटं हवेत चाचपडायची, समोरच्याचं डोकं सापडलं की आशीर्वाद द्यायचे. पुढच्या रांगेत आमच्या अकरा बायका बसल्या होत्या. नेहलनं प्रत्येकीला मोगऱ्याचा गजरा दिला. मीनाताईंनी तो केसांत न माळता मांडीवर ठेवला.

निवेदक मोठ्या उत्साहात म्हणाला, “आणि आता ज्यांच्यामुळे बाबूजींचे टोले गाजले, त्या आपल्या वाचक भगिनी!”

पहिल्या उठल्या भगवतीदेवी. जालन्याच्याच, सदर बाजारातल्या, राधेश्यामजींच्याच समाजातल्या. साठीतही ताठ, दारात वाकून यावं लागेल एवढ्या उंच. हातात जुन्या पानाची झेरॉक्स होती. त्यांनी वाचलं: “सवाल: माझी उंची पाच फूट आठ इंच आहे. इतक्या उंच मुलीला सिनेमात काम मिळेल का? टोला: मिळेल ना! विजेच्या खांबाचं!”

हॉल खळखळून हसला. राधेश्यामजीही मान हलवून हसले.

“हसा, हसा,” भगवतीदेवी म्हणाल्या. “तेव्हापण जालना बराबर असाच हसला होता. एकोणीस वर्षांची होते मी. दोन ठिकाणी सगाई ठरली, दोन्ही मोडल्या. पाहुणे मला बघायला नव्हते येत, खांब बघायला येत होते. आज साठ वर्षांची आहे. भावाच्या घरी राहते. बस, इतकंच.”

आता कुणी हसलं नाही. निवेदकानं काहीतरी सारवासारव केली. पण तोवर शहागडच्या द्वारकाबाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात कागद नव्हता.

“मला वाचता येत न्हाई. पाठ हाय,” त्या म्हणाल्या. “ही माझ्या धाकट्या बहिणीची चिठ्ठी. कौसल्याची. तिनं विचारलं होतं, माझ्या सपनात रोज एक नट येतो, काय करू. ह्यांनी छापलं, दार उघडं ठेवा, सासरच्यांना दुसऱ्या खोलीत झोपवा. नाव छापलं, गाव छापलं, सासरचं आडनाव छापलं. चार महिने झाल्ते लग्नाला. सासऱ्यानं शहागडला आणून सोडली. रस्त्यावरून जाणारे ट्रकवालेसुदिक विचारायचे, दार उघडं हाय का. तिसऱ्या आठवड्यात ती गोदावरीत गेली.” द्वारकाबाई व्यासपीठाकडं बघून म्हणाल्या, “मला फकस्त तुमचं तोंड बघायचं होतं.”

राधेश्यामजींच्या मुलानं हात केला आणि ध्वनिक्षेपक बंद झाला. मीनाताई उठल्या. जन्मभर लोकांना ‘हळू बोला’ सांगणारी ती बाई त्या दिवशी बिनमाईकची बोलली आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. स्वतःचं नाव, गाव, सवाल, टोला. मग चोरलेला लेख, अंकाच्या तारखेसह. मग म्हणाल्या, “अशा त्रेचाळीस जणी हायेत. अकरा आल्यात. बाकीच्यांची नावं मी वाचते.” आणि त्यांनी वाचली. एकेक नाव, एकेक गाव. हॉलमधल्या कुणाकुणाच्या आत्या, मावश्या त्यात निघाल्या. मागून एक बाई रडल्याचा आवाज आला. एक म्हातारे गृहस्थ उठून बाहेर गेले.

नावं संपल्यावर राधेश्यामजींनी चाचपडत समोरच्या टेबलाला धरलं. “बाई,” ते म्हणाले, “मला खरंच आठवत नाही हो. महिन्याला दोन-दोनशे पत्रं यायची. तेव्हा अशी गंमत चालायची. कुणाचं वाईट करायचं मनात बिलकुल नव्हतं.”

मीनाताईंचा चेहरा मी बाजूनं बघत होते. छापलेलं सगळं त्यांनी सेहेचाळीस वर्षं सांभाळलं होतं आणि या माणसाला त्यातलं काही आठवत नव्हतं. हे त्यांनी कधी धरलंच नव्हतं.

“न्हाई आठवत?” त्या म्हणाल्या. “मंग आता ध्यानात ठेवा.”

राधेश्यामजींनी हात जोडले. साफा घसरून कपाळावर आला होता. “माफ करा मला. सगळ्यांनी माफ करा.”

“न्हाई करत,” मीनाताई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

दहाही जणी त्यांच्याकडं बघत होत्या. एकीनंही वेगळं काही म्हटलं नाही. राधेश्यामजींचे जोडलेले हात तसेच राहिले, शेवटी नेहलनं येऊन ते खाली केले.

परतताना गाडीत मला राहवलं नाही. मी म्हटलं, “मीनाताई, ब्याऐंशी वर्षांचा आंधळा माणूस होता हो.”

“मी सतरा वर्षांची होते,” त्या म्हणाल्या.

कुणीतरी सगळं फोनवर टिपलं होतं. दोन दिवसांत ते जिल्हाभर फिरलं. एका मंडळानं राधेश्यामजींना जाहीर केलेला पुरस्कार गुपचूप मागं घेतला. ते रोज सकाळी देवळात जायचे, ते बंद झालं. दारावरून जाणारी पोरंटोरं ‘टोला, टोला’ ओरडायची. हे नेहलनंच मला फोनवर सांगितलं, रडत. मी ते मीनाताईंना सांगितलं. त्या गहू निवडत होत्या.

“आता कळंल त्याला,” त्या म्हणाल्या.

“बरं वाटतंय का तुम्हाला?”

“लई बरं वाटून राह्यलं.” त्यांनी सुपातला खडा काढून टाकला. “तुम्हाला वाटलं, मी म्हणीन आता सगळं रिकामं रिकामं झालं. तसं काही न्हाई. झोप येती. जेवण जातं.”

जानेवारीत राधेश्यामजींनी निरोप पाठवला की एकदा येऊन भेटा, मला बोलायचंय. मीनाताईंनी कळवलं, येणार नाही. पुन्हा एक निरोप आला. त्याला त्यांनी उत्तरच दिलं नाही. मार्चमध्ये ते गेले.

तेराव्यानंतर नेहल परतूरला आली. गठ्ठे परत घेऊन आली होती. चेहरा ओढलेला होता. उंबऱ्यातच उभी राहून म्हणाली, “तुम्ही मला फसवलंत.”

“हो,” मीनाताई म्हणाल्या.

“मी विश्वासानं आले होते तुमच्याकडे.”

“मी पण इश्वासानंच पत्र लिहिलं होतं, बाळा. तुझं त्यात काही चुकलं न्हाई. पण तुझ्याबिगर मला तिथवर जाता येत नव्हतं.”

मी चहा टाकला. मग नेहल आत येऊन बसली आणि म्हणाली, “सगळे अंक वाचले मी. दादाजींसाठी मोठ्यानं वाचायला घेतले होते. शेवटचं पान ते मला वाचू द्यायचे नाहीत.” तिनं डोळे पुसले. “इतिहास छापायचं म्हणून सगळ्यांना सांगून बसलेय. आता काय छापू?”

मीनाताई उठल्या आणि चारही वह्या आणून तिच्यापुढं ठेवल्या. “हा हाय इतिहास. छापायची हिंमत असंल तर छाप. एक अक्षर बदलायचं न्हाई.”

नेहलच्या घरात त्यावरून मोठं भांडण झालं. वडील तिच्याशी आजही बोलत नाहीत. पण तिनं पुण्यात पुस्तक छापायला घेतलं, लेखिका म्हणून मीनाताईंचं नाव घातलं. मासिक कसं निघालं, कसं खपलं, कुणाचं काय उचललं, कोण कोण पोरी होत्या, सगळं वह्यांप्रमाणे. मुखपृष्ठाचा नमुना घेऊन ती गेल्या महिन्यात आली. त्यावर राधेश्यामजींचा तरुणपणीचा फोटो होता. छापखान्यात उभे, बाह्या दुमडलेल्या, हसरे, देखणे. नेहल चाचरत म्हणाली, “मावशी, हा फोटो काढून टाकते. तुमच्या पुस्तकावर बरा नाही दिसणार.”

मीनाताईंनी चष्मा लावून तो नमुना खिडकीजवळ नेला, नीट बघितला.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “चेहरा दिसू दे लोकायला. आन् नाव जरा मोठं कर त्याचं.”